नुसत्या पोस्टच करायच्या, तर इंटर्नशिप कशाला?

"मॅडम, मला पॉलिसी रिसर्च करायचा होता. मी दिवसभर चौकोनात अक्षरं बसवतेय."

थोड्याफार फरकाने हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत पुष्कळ मुलांकडून ऐकलंय. 'धोरण संशोधन आणि डिजिटल मीडिया' अशी जाहिरात असते, निवड झाली की घरी कौतुक होतं आणि महिन्याभरात कळतं की दुसऱ्याने लिहिलेला मजकूर इन्स्टाग्रामच्या मापात बसवायचा, एवढंच काम आहे. वर मानधन नाही. सोडावी तर अभ्यासक्रमातले क्रेडिट बुडतात, चालू ठेवावी तर दिवस वाया जातात. "सोडू का?" असं विचारत मुलं येतात.

रेवतीही तेच विचारायला आली होती. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, तिच्या आणि तिच्या आईच्या परवानगीने लिहिते आहे.) २०२५ चा मार्च. धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावातून पुण्याला आलेली, एम. ए. राज्यशास्त्राचं पहिलं वर्ष, दुसरं सत्र. नव्या अभ्यासक्रमात या सत्राला ऑन जॉब ट्रेनिंगचे, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाचे, चार क्रेडिट, म्हणजे १२० तास भरायचे. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायची, खोलीतल्या बाकी तिघी एमपीएससीच्या. त्यांचे दिवे रात्री दोनपर्यंत चालू असायचे आणि ही त्यांच्या शेजारी बसून पोस्ट करायची. "त्या काहीतरी मिळवतायत आणि मी रंग निवडतेय," असं म्हणताना तिचा आवाज गेला.

मी तिला लगेच 'सोड' किंवा 'थांब' म्हटलं नाही. पूर्वी एकदा घाई केली होती. एका मुलाला प्रमाणपत्रासाठी तग धरायला सांगितलं, तो तीन महिने रोज आठ तास फुकट राबला, त्याच्या हाती एक कागद आला आणि त्या कामाबद्दलच त्याला शिसारी बसली. ते मला अजून लागून राहिलं आहे. म्हणून आता आधी तासांचा हिशेब मांडायला सांगते. रेवतीने वहीत मांडला: ५५ तास झालेले, त्यात ३१ पोस्ट. पर्यवेक्षकाशी बोलणं झालं दोनदा, दोन्ही वेळा फोनवर, फॉन्टबद्दल.

"यातली एक पोस्ट दाखव मला," म्हटलं.

तिने मोबाइल पुढे केला. लाल थेंबाचं चित्र आणि वर ठळक अक्षरांत: 'आज महाराष्ट्रातल्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय!' खाली संस्थेचं चिन्ह. छान दिसत होती, खोटं कशाला सांगू.

"हा ५७ आकडा आला कुठून?"

"एक्सेलमध्ये आला होता. मी फक्त टाकला."

रक्तक्षयाचे असे आकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात असतात, त्याची पाचवी फेरी २०१९-२१ ची. प्रत्येक राज्याच्या आकड्यांचं छोटं पत्रक इंटरनेटवर कुणालाही मिळतं. आम्ही तिथेच बसून ते उघडलं. इवलीशी अक्षरं, ती बोटाने मोठी करत करत खाली गेली. १५ ते ४९ वयोगटातल्या सगळ्या स्त्रिया, रक्तक्षय, महाराष्ट्र: ५४.२. शेजारच्या रकान्यात आधीच्या फेरीचा आकडा, ४८. मग देशाचं पत्रक उघडलं. तिथे होता ५७.

ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मॅडम, हा तर भारताचा आकडा आहे." आणि पाठोपाठ, मी काही न सुचवता, "आणि 'आज' पण चुकीचं आहे. महाराष्ट्रात पाहणी २०१९ मध्ये झाली, लॉकडाऊनच्या आधी."

त्या क्षणी ती जे करत होती, तेच धोरण संशोधन. आकड्याचा उगम शोधायचा, तो कुणाबद्दल आहे, कधीचा आहे, आधीपेक्षा वाढला की घटला ते पाहायचं आणि मगच तो चार लोकांपुढे मांडायचा. ३१ पोस्टांमध्ये हे काम तिला एकदाही दिलं गेलं नव्हतं. पोस्ट करणं हलकं आहे, असं मी म्हणणार नाही. लोक अहवाल वाचत नाहीत, पोस्ट वाचतात, म्हणून तर पोस्टमधला आकडा जास्त जपायला हवा. पण संस्थेने विचार करण्याचं काम स्वतःकडे ठेवलं होतं आणि चिकटवण्याचं तिला दिलं होतं. तिची तक्रार खरी होती. ती आळशी नव्हती, नाजूकही नव्हती.

तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. तिने स्पीकरवर टाकला. आई गावात आशा सेविका. त्यांना विचारायचं होतं, "मॅडम, ती सरकारची पाच हजारांची इंटर्नशिप म्हणतेत, ती का नाही भेटत हिला?" मी सांगितलं, की २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना तेव्हाच्या नियमांप्रमाणे पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती. अगदी नीती आयोगाच्या इंटर्नशिपलाही मानधन नसतं. त्यावर ताई ठामपणे म्हणाल्या, "मग फुकट राबू नगं म्हणा तिला. आम्ही आझाद मैदानावर बसलो ते कशापायी?"

२०२४ च्या सुरुवातीच्या संपात त्या तिथे होत्या. आशांना स्वयंसेविका म्हणायचं, म्हणून पगार नाही, कामागणिक मोबदला. हे त्यांनी वर्षानुवर्षं सोसलेलं. मला त्यांचं म्हणणं पटतं. बिनपगारी इंटर्नशिप कुणाला परवडते? ज्याच्या खोलीचं भाडं बाप भरतो त्याला. मग धोरण कुणासाठी करायचं हे ठरवणाऱ्या खोल्यांमध्ये तीच मुलं बसतात आणि गावाकडची बाहेर राहतात. म्हणून माझी मर्यादा ठरलेली आहे: क्रेडिटपुरते मोजके तास बिनपगारी चालतील, तेही शिकवणार असतील तर. पुढे एक दिवसही नाही. आणि इंटर्नशिपसाठी उलट आपल्याकडेच पैसे मागत असतील, तर तिथे पाऊलच ठेवू नये.

रेवतीचे ६५ तास उरले होते. आम्ही एक मेल लिहिला. तिने लिहिला, मी फक्त 'कृपया'ची संख्या कमी केली. सहा होते, दोन ठेवले. मजकूर साधा: पोस्टमधला आकडा देशाचा आहे, राज्याचा ५४.२ आहे, पत्रक सोबत जोडलं आहे. उरलेल्या तासांतले निम्मे मला रक्तक्षयासाठी दिल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळ्यांवर दोन पानी मराठी टिपण लिहायला मिळावेत, त्यावर माझं नाव असावं आणि आठवड्यातून अर्धा तास कुणीतरी ते वाचून चुका दाखवाव्यात.

चार दिवस उत्तर नाही. ते चार दिवस तिला फार जड गेले, मला रोज फोन. "माझं प्रमाणपत्र अडवतील का?" मी म्हटलं, चूक पुराव्यासकट आणि नम्रपणे दाखवली आहेस, मेलची प्रत जपून ठेव, कॉलेजच्या मार्गदर्शक सरांनाही पाठव. तिने पाठवली. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. काम काय, किती तास, शिकवणार कोण, हे सरांना सांगून आधीच लेखी घेतलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता. आता येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी सुरू होण्यापूर्वीच हे करायला लावते.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. पोस्ट दुरुस्त झाली. टिपणाला होकार, नावालाही. अर्धा तास मात्र दर आठवड्याला नाही, पंधरवड्याला. मानधनाचा विषय त्यांनी काढला नाही.

टिपणासाठी तिने पहिला फोन आईला केला. गोळ्या वाटल्या जातात, मग बायका घेत का नाहीत? ताईंनी एका दमात सांगितलं: उपाशीपोटी घेतली की मळमळतं, आणि संडासला काळं होतं, त्याला बाया भितात, ते गोळीनेच होतं, घाबरायचं नाही, असं कुणी आधी सांगत नाही. रेवतीने आईला 'गावपातळीवरील एक आशा सेविका' असं लिहिलं, गावाचं नाव टाळलं, मग आणखी तिघींशी बोलून ते पडताळलं. तिघींनीही काळ्या रंगाचंच सांगितलं.

मे महिन्यात १२० तास भरले. संस्थेने विचारलं, काम आवडलं, अजून दोन महिने थांबशील का? या वेळी तिने मला फोन केला नाही. मानधन देणार असाल तर हो, एवढंच कळवलं. देणार नव्हते. ती दुसऱ्याच दिवशी एसटीने गावी गेली, आणि जाताना टिपणाच्या चार छापील प्रती घेऊन गेली, आईच्या महिन्याच्या बैठकीसाठी.