वडूजच्या १९४२ च्या मोर्चाच्या चित्रात झेंड्यावर अशोकचक्र काढायचं की चरखा?

चरखाच. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चात परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार गोळीबारात हुतात्मा झाले. तेव्हाचा तिरंगा काँग्रेसचा, १९३१ साली ठरलेला: वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा आणि पांढऱ्या पट्ट्यावर गडद निळा चरखा. अशोकचक्र संविधान सभेने २२ जुलै १९४७ ला स्वीकारलं. सातारा-सांगलीकडच्या ४२ च्या चित्रांत ही चूक फार होते, कारण नमुना म्हणून हाताशी आजचाच झेंडा असतो. हुतात्म्यांच्या हातात त्यांचा खरा झेंडा दिसायलाच हवा.

लाल पट्ट्याचा झेंडाही नको. तो १९२१ चा, पिंगली वेंकय्यांच्या आराखड्यातला: वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल, आणि चरखा तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला.

माप ३:२. म्हणजे ९० सेंमी लांब, ६० सेंमी उंच, प्रत्येक पट्टा २० सेंमी. चरखा पांढऱ्यातच बसवा. चाक मोठं करायच्या नादात तो वरखालच्या रंगांवर चढतो. फडकता झेंडा मागून दाखवत असाल तर चरखा आरशात दिसतो तसा, डावी-उजवी बाजू उलटून काढा. चक्र दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं, आणि ४७ साली ते घेण्यामागे हेही एक कारण होतं.

शेजारी आजचा झेंडा काढणार असाल, तर याच मापाला चक्राचा व्यास १८.५ सेंमी, आरे २४. आधी दर १५ अंशांवर पेन्सिलीने खुणा करा, नाहीतर शेवटचे आरे दाटीवाटीने येतात.