स्लिप की स्लीप? फरक नुसता लांबीचा नाही

प्रश्न असा आलाय की शिप-शीप, बिट-बीट, पुल-पूल या इंग्रजी जोड्या कितीदा ऐकल्या तरी सारख्याच वाटतात, आणि ऱ्हस्व-दीर्घ नीट पाळूनही समोरच्याला कळत नाही, तर करायचं काय?

मुळात आपल्या जिभेची सवय बघा. मराठीत अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ असतो, मीठ, तीन, दूध, पूल. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांत ते आहेच, पण ते बोलण्यातच इतकं मुरलंय की 'गुण' आणि 'विष' तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणून ऱ्हस्व लिहितो तरी बोलताना बरेच जण गूण, वीषच म्हणतात. इंग्रजी शब्दही मग त्याच वळणाने जातात आणि क्रिकेट बघताना 'स्लीपमध्ये कॅच गेला' असं सर्रास ऐकू येतं.

दुसरं म्हणजे इंग्रजीत नुसती लांबी पुरत नाही, स्वरच वेगळा आहे. शीप म्हणताना जीभ वर टाळूकडे ताणलेली असते, ओठही ताणलेले. शिप म्हणताना जीभ सैल, जराशी खाली, स्वर किंचित ए-कडे झुकलेला. लांबी तर पुढच्या व्यंजनावरही ठरते, प-ट-क च्या आधी स्वर आखडतो आणि ब-ड-ग च्या आधी लांबतो, त्यामुळे 'बीट' मधला ई आणि 'बिड' मधला इ घड्याळ लावून मोजले तर जवळपास सारखेच भरतील, म्हणून म्हणतो लांबीच्या भरवशावर राहू नका.

सरावाला मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते आपलं सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं बदलणारं रूप! 'पूल' म्हणा, हा झाला इंग्रजीतला पोहण्याचा पूल. आता 'पुलाखाली' म्हणा आणि 'ल'वरच तोडा, हा इंग्रजीतला ओढायचा पुल. तसंच बीट आणि 'बिटाची कोशिंबीर', 'ट'वर थांबलात की बिट मिळाला. शिपसाठी 'शिपाई' मधलं 'पाई' सुरू व्हायच्या आत ओठ मिटा. एवढं जमलं की मग त्यात जीभ अजून थोडी सैल सोडायची, कारण आपला ऱ्हस्व इ इंग्रजीपेक्षा जरा ताठ आहे.

पेन-पॅन, होल-हॉल यांचा त्रास मराठी माणसाला त्यामानाने कमी, ॲ आणि ऑ लिहायची आपल्याला सवय आहे. तरी घाईत बॅडचा बेड होतोच, तिथे जबडा अजून खाली सोडा.