आईला पाठवलेले पैसे घरखर्चात धरायचे का?

प्रश्न : मी ४६ वर्षांचा आहे. न्यू जर्सीत एडिसनला भाड्याच्या घरात पत्नी आणि दोन मुलांसह राहतो. जूनअखेर आयटीतली नोकरी गेली, जुलैत कंपनीने सेव्हरन्स (नोकरी गेल्याबद्दलची भरपाई) दिला, ऑक्टोबरपासून बऱ्याच कमी पगाराची नोकरी लागली. सहा क्रेडिट कार्डांवर मिळून ७४ हजार डॉलर देणं आहे. नोव्हेंबरमध्ये चॅप्टर ७ची (हप्ते न लावता बहुतेक कर्ज माफ होणारी) दिवाळखोरी दाखल करावी म्हणतो, पण घरखर्चाच्या फॉर्मवर अडलोय. मिरजेला आईला दरमहा ४०० डॉलर पाठवतो, ते धरायचे का? देवळाची देणगी? मित्र म्हणतो, खर्च फुगवून लिही. जुलैत मेहुण्याचे उसने ६,००० डॉलर परत केले. वडिलांच्या पश्चात गावाकडच्या सातबाऱ्यावर माझंही नाव लागलंय. पत्नीला कर्जाचा पूर्ण आकडा अजून सांगितलेला नाही.

उत्तर : मित्राचं अजिबात ऐकू नका. या कागदांवर तुमची सही शपथेवर असते आणि जाणूनबुजून खोटं लिहिलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण आपल्या लोकांत मला उलटी चूकच जास्त दिसते. लाजेपोटी माणसं खर्च कमी लिहितात. चौघांच्या घराचा किराणा ६०० डॉलर लिहितात आणि पटेल ब्रदर्स, कॉस्टको या दुकानांत मिळून बँकेच्या स्टेटमेंटमध्ये १,१०० निघतात. काटकसरी दिसायला जाता आणि कागदावर मात्र दरमहा ५०० डॉलर उरताना दिसतात. मग ट्रस्टी, म्हणजे तुमचं प्रकरण तपासायला नेमलेला माणूस, विचारणारच, की एवढे उरतात तर चॅप्टर १३मध्ये तीन ते पाच वर्षं हप्ते का भरत नाही?

तुमचा घोळ झालाय तो इथे दोन वेगळे हिशेब असल्यामुळे. पहिला शेड्यूल जे, म्हणजे तुम्ही अडलात तो घरखर्चाचा फॉर्म. तुमचं घर आज प्रत्यक्ष कसं चालतं, ते त्यात लिहायचं. दुसरा मीन्स टेस्ट, म्हणजे चॅप्टर ७ मिळण्याइतकं तुमचं उत्पन्न कमी आहे का याची चाचणी, जी २००५च्या कायद्याने आली. त्यात अन्न, कपडे वगैरेंसाठी तुम्ही खरोखर किती खर्च करता हे बघत नाहीत. कर खात्याने ठरवलेला आकडा धरतात. घराचा आकडा काउंटीप्रमाणे बदलतो. गाडीचं मात्र नीट ऐका. कर्ज फिटलेल्या गाडीसाठी मालकीखर्चाची वजावट मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये रॅन्सम खटल्यात सांगितलं. पेट्रोल-दुरुस्तीचा भत्ता मिळतो. ४०१(के) या निवृत्तीच्या खात्यात स्वेच्छेने टाकत असलेली रक्कमही या हिशेबात खर्च म्हणून चालत नाही.

हा दुसरा हिशेब लागू होतो तो तुमचं उत्पन्न राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यम (निम्म्या कुटुंबांचं ज्याच्या वर आणि निम्म्यांचं खाली असतं त्या) उत्पन्नापेक्षा जास्त भरलं तरच. आणि इथेच तुमची घाई नडेल. उत्पन्न म्हणजे आजचा पगार नव्हे. अर्जाच्या आधीच्या पूर्ण सहा कॅलेंडर महिन्यांची सरासरी, आणि एकत्र राहत असल्याने त्यात पत्नीची कमाईही. नोव्हेंबरमध्ये गेलात तर मे ते ऑक्टोबर मोजतील, म्हणजे जुन्या नोकरीचे दोन महिन्यांचे भरगच्च पगार आणि वर सेव्हरन्स. फेब्रुवारीत गेलात तर ऑगस्ट ते जानेवारी. माणूस तोच, कर्ज तेच, आकडा मात्र कितीतरी खाली. असं थांबणं ही लबाडी नाही, कायद्यानेच ही मोजणी ठरवली आहे. मात्र कुठल्या कार्ड कंपनीने तोवर दावा लावला असेल तर किती थांबायचं ते त्या कागदांकडे बघूनच ठरवावं लागेल.

आता आई. शेड्यूल जेमध्ये घरात न राहणाऱ्यांना दिलेल्या आधारासाठी स्वतंत्र ओळ आहे. तिथे ४०० डॉलर लिहा, संकोच करू नका. मीन्स टेस्टची वेळ आलीच, तर वृद्ध, दीर्घ आजारी किंवा अपंग अशा जवळच्या नातलगाच्या देखभालीचा चालू असलेला, वाजवी खर्च कायदा मान्य करतो, आणि जवळच्या नातलगांत आईवडील येतात. अट अशी, की तो खर्च त्यांना स्वतःला झेपत नसावा. म्हणून पैसे पाठवल्याच्या वर्षभराच्या पावत्या, सांभाळणाऱ्या बाईंचा पगार, औषधांची बिलं, डॉक्टरांची चिठ्ठी, आणि वडिलांच्या मागे आईंना निवृत्तिवेतन मिळत असेल तर त्याचं पासबुक मागवून घ्या. पासबुक लपवू नका. त्यातूनच कळेल की त्यांना किती कमी पडतं. अर्जाच्या तोंडावर ४००चे ८०० मात्र करू नका.

देणगीलाही कायद्यात जागा आहे. पण संस्था अमेरिकेत धर्मादाय म्हणून मान्यता असलेली हवी. एडिसनचं नोंदणीकृत मंदिर चालेल. गावच्या जत्रेची वर्गणी त्यात बसणार नाही.

दरमहा न येणारे खर्च लोक हमखास विसरतात. गाडीचा सहामाही विमा, टायर, दाताचा डॉक्टर, मुलांचे शाळेचे कॅम्प, चष्मे. बारा महिन्यांची स्टेटमेंट्स काढा, वर्षाची बेरीज करा, बाराने भागा. भिशी लावली असेल तर हप्ताही सांगा आणि तुमचा नंबर उचलून झालाय का, तेही.

मेहुण्याला दिलेल्या पैशांबद्दल स्पष्ट सांगते. नातलगाला अर्जाच्या आधीच्या वर्षभरात फेडलेली रक्कम ट्रस्टी मेहुण्याकडून परत मागू शकतो. फेब्रुवारीतही ते वर्ष पुरं होत नाही. ही परतफेड कागदावर दाखवावीच लागते. मेहुण्याला आधी कल्पना द्या आणि यापुढे कुणाही घरच्याला एक डॉलर फेडू नका. सातबाराही दाखवायचा. जगात कुठेही असलेली मालमत्ता लिहावी लागते, वाटणी झालेली नसली तरी तुमच्या हिश्श्यासकट. गावी कुणाच्या नावावर करून टाकायचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. उताऱ्याची प्रत आणि अंदाजे किंमत मला आणून द्या, ती जमीन कर्जफेडीतून वाचवायला सूट कुठे मिळते ते बघू.

आणि पत्नी. अर्ज तुम्ही एकट्याने केला तरी तिचा पगार, तिने भरलेली बिलं, तिच्या कार्डावरचा किराणा या फॉर्ममध्ये येतोच. मुलांच्या शाळेचा, दवाखान्याचा खर्च बहुधा तिलाच तोंडपाठ असेल. तिच्याशिवाय हा कागद खरा भरता येणार नाही. या रविवारी सहाही कार्डांची स्टेटमेंट्स टेबलावर ठेवून तिच्याबरोबर बसा, आणि पहिला आकडा ७४ हजारांचा सांगा.