कुटुंबासोबत शिकारीला गेल्याचा तुमचा अविस्मरणीय अनुभव कोणता? आजच्या मुलांना तो देता येईल का?

शिकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर आधी बंदूक येते. आमच्याकडेही होती. आजोबांची ठासणीची, शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची, दर निवडणुकीला पोलीस स्टेशनात जमा करायची आणि निकाल लागला की जाऊन परत आणायची. तिने खरे डुक्कर किती मेले देव जाणे, पण आजोबांच्या गोष्टीत दर वर्षी एक वाढायचा. ती पारध मी बघितलेली नाही आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा आहे, भेकर मारा नाहीतर साळिंदर, गुन्हा तो गुन्हाच, तरी काही जण अजून अशा गोष्टी मिशीला पीळ देऊन सांगतात. असो.

मी सांगतोय ती चढणीच्या माशांची शिकार, म्हणजे पहिल्या पावसात नदीतून वर चढणाऱ्या माशांची. याला शिकार म्हणायचं की नाही असा वाद ज्याला घालायचाय त्याने जूनमध्ये रात्री दोन वाजता पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, मांडीभर पाण्यात उभं राहून दाखवावं, मग बोलू.

गाव लांजा तालुक्यात, मुचकुंदीला मिळणाऱ्या एका पऱ्याच्या काठी. बाबा मुंबईत गिरणीत होते, 82 च्या संपात नोकरी गेली आणि आम्ही सगळे गावी आलो. तेव्हापासून आमचं घर आणि आप्पांचं (मोठे काका) घर एकच, चूल एकच, आणि आप्पांचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणजे आमचा दादा, तो आणि मी एकाच घोंगडीत. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढे ते राहिलं नाही.

1994 चा जून. मृग लागून दोन-तीन दिवस नुसतं कोंदलं होतं आणि मग एका दुपारी जो सुरू झाला तो थांबेचना. संध्याकाळी पऱ्या लाल होऊन आला. बाबा अंगणात उभे राहून नुसता आवाज ऐकत होते, म्हणाले आज चढणार. आजीने न बोलता माशांच्या कालवणात घालायची तिरफळं काढून ठेवली, म्हणजे तिचाही विश्वास होता. आमच्या डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, बाबांच्या हातात तीन सेलची बॅटरी, आप्पांकडे पेट्रोमॅक्सची बत्ती आणि दादाच्या खांद्यावर खोयन, म्हणजे मासे धरायचा सापळा. ती खोयन बाबांनी स्वतः विणलेली, संपानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, हाताला दुसरं काम नव्हतं तेव्हा. बांबूच्या कामट्यांची, पुरुषभर लांब, तोंड रुंद, शेपूट निमुळतं, आणि तोंडाच्या आत टोकदार कामट्यांचा दुसरा गळा, म्हणजे मासा आत सरळ जातो आणि परत फिरला की टोकं नाकाला लागतात. तोंड खालच्या अंगाला करून लावायची, कारण मासा खालून वर, नदीतून भाताच्या मळ्यांकडे अंडी घालायला निघालेला असतो. हे उलटं लावणारे शहाणे मी बघितलेत, त्यांना ऑक्टोबरात उतरणीच्या वेळी मिळाले तर मिळतील.

बाबांची पद्धत अशी की पऱ्या अर्धाच बांधायचा. दगड रचायचे, फटीत कवळ (झाडाचा तोडलेला पाला) कोंबायचं, मध्ये खोयन बसवायची, आणि पलीकडचा अर्धा पऱ्या मोकळा. वाट सोडायची म्हणायचे. आप्पांना हे कधीच पटलं नाही, दर वर्षी त्यांचं तेच, अर्धे मासे तर तुझ्या उघड्या दारातनं निघून जातात, मग बांध घालतोस कशाला. बाबा हसायचे. पोटात अंडी घेऊन निघालेत ते, काय सगळेच मारायचे, एवढंच.

त्या रात्री सुरुवातीला काहीच नाही. मग दहाच्या सुमाराला बॅटरीच्या उजेडात एका दगडावरून पाणी पडत होतं तिथे चांदीसारखं काहीतरी उडालं आणि परत पडलं, मग दुसरं, मग एकदम दहा-वीस. मळये होते. पायांना लागत होते, दोन पायांमधून जात होते, मला गुदगुल्या होऊन मी ओरडलो तर आप्पांनी डोक्यात टपली मारली. दादाने एक खवळ हाताने धरला आणि शर्टात टाकला आणि तो शर्टात नाचायला लागल्यावर दादाही नाचायला लागला. काठाला खेकडे निघाले होते, ते धरायचं काम माझं. मागून, पाठीवर बोटं दाबून. तरी एकाने अंगठा धरलाच. धरलं तर हात ओढायचा नाही, पाण्यात सोडून गप्प उभं राहायचं, तो आपणहून सोडतो. मी ओढला. डेंगा (नांगी) तुटून अंगठ्याला तसाच लटकत राहिला आणि बाबा इतके हसले की बॅटरी पाण्यात पडायची राहिली. पोटाखालच्या झडपेत बारीक पिल्लं असलेली मादी सापडली की ती परत सोडायची हेही बाबांचंच. आमच्या पऱ्यातल्या खेकड्याची पिल्लं आईच्या पोटाखालूनच तयार होऊन बाहेर पडतात, समुद्रातल्यासारखी वाहत जात नाहीत, त्यामुळे एक मादी मारली की अख्खं बिऱ्हाड गेलं.

बाराच्या पुढे पाऊस वाढला तसे बाबा वरच्या मळ्याचा बांध फुटतोय का ते बघायला गेले. ते दिसेनासे झाले आणि आप्पांनी मला हाक मारली. बत्ती धर म्हणाले. मी धरली. बत्तीच्या तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला तर काच तडकते म्हणून मी अंगाने आडोसा करून धरली, अगदी जबाबदारीने. आणि त्या उजेडात आप्पांनी आणि दादाने पलीकडचा अर्धा पऱ्या बंद केला. मोठे दगड, कवळाचे भारे, वर माझ्या डोक्यावरची गोणीसुद्धा घेतली. मग जे सुरू झालं ते मी पुन्हा कधी बघितलं नाही. खोयन भरून जड झाली, रिकामी केली, परत भरली. शिंगट्या, मळये, एक वाम हातभर लांब. तेलाचे दोन डबे भरले आणि आम्ही तिघं वेड्यासारखे हसत होतो. हे मी खोटं सांगणार नाही, ती मजा दुसऱ्या कशात आली नाही.

बाबा आले तेव्हा उजाडायला आलं होतं. त्यांनी डबे बघितले, मग पऱ्या बघितला. काही न बोलता आत उतरले आणि लाथेने बांध फोडला. मग विचारलं, "बत्ती कोनी धरलान?" दगड कोणी लावले हे नाही विचारलं, ते त्यांना माहीत होतं. मी गप्प. दादा माझ्याकडे बघतोय. आप्पा म्हणाले, "मासं काय तुज्या बापाचं हायत काय?" बाप दोघांचा एकच, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही. बाबा तसेच घरी गेले.

आजीने कालवण केलं. खेकड्याचे बारीक पाय पाट्यावर वाटून, रस गाळून, वरून तिरफळ. बाबा जेवले नाहीत. वाडीत सागाच्या पानांवर वाटे घातले, दर वर्षी घालायचो तसे, फक्त या वेळी प्रत्येक वाटा दुप्पट होता आणि सगळे आप्पांचं कौतुक करत होते. पुढच्या वर्षी वाटण्या झाल्या. माशांमुळे झाल्या असं नाही, जमिनीचं आधीपासून धुमसत होतं, पण घरात मधोमध भिंत आली. खोयन आप्पांच्या बाजूच्या माळ्यावर होती, ती तिकडेच राहिली.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, आजच्या मुलांना हा अनुभव देता येईल का. दोन वर्षांपूर्वी मुलीला घेऊन गेलो होतो, जूनमध्येच, दोन रात्री. मिळून चार खेकडे आणि बोटाएवढे आठ-दहा मासे. ती खूश होती, तिला आधीचं माहीत नाही ना. का नाहीत मासे? सांगतो का नाहीत. कारण आमच्या दादासारखे लोक डोहात ब्लीचिंग पावडर टाकतात. करंट सोडतात. लहानमोठं सगळं पांढरं होऊन वर येतं, त्यातलं पाव उचलतात आणि बाकीचं कुजतं. सुरुंग आणि विष या दोन्हीला 1897 च्या इंग्रजांच्या मासेमारी कायद्यातच बंदी होती, म्हणजे माणसाला ही खोड तेव्हापासूनची, पण त्याचा कोणी अभिमान तरी मिरवत नव्हतं. हा दर जूनला फॅमिली ग्रुपवर ड्रम भरल्याचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो, काकांचा वारसा. काका म्हणजे माझे बाबा! ज्या माणसाने लाथेने बांध फोडला त्याचा वारसा! मागच्या वर्षी मी तसं लिहिलं तर त्याचं उत्तर आलं, बत्ती तूच धरली होतीस. तीस वर्षांनी. खाली चुलत बहिणींचे हसण्याचे इमोजी.

धरली होती. बारा वर्षांचा होतो.

बरं, आता प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळं त्याच्यावर ढकलता येणार नाही. आमचे आजोबाच डोहात गेळाची फळं ठेचून टाकायचे, मासे गुंगून वर यायचे, त्यामुळे जुनी माणसं सगळी संत होती वगैरे मी म्हणणार नाही. वर चिरेखाणी झाल्यात, त्यांचा गाळ पहिल्या पावसातच पऱ्यात येतो. काजूच्या बागांत तणनाशक मारतात ते कुठे जातं? आणि मासा चढायचा तो भाताच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालायला, तर आमच्या वाडीतले निम्मे मळे आता पड आहेत. त्यातला एक माझा आहे. लावणीला माणसं मिळत नाहीत, मी ठाण्यात राहतो, काय करणार.

मुलांना न्यायचं असेल तर न्या, पण पाणी लाल होऊन अचानक आवाज बदलला की लगेच काठावर, एकही मिनिट थांबायचं नाही. अभयारण्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला वगैरे असाल तर मासाही धरू नका, तिथे कायदा वेगळा आहे. आणि अर्धा पऱ्या मोकळा ठेवा. मासे कमी मिळतील. मिळू देत.

हे उत्तर मी फॅमिली ग्रुपवर टाकणार आहे. दादा, वाचत असशील तर बाकी तुला काय म्हणायचं ते म्हण, पण खोयन अजून तुझ्याच माळ्यावर आहे. गणपतीला येईन तेव्हा घेऊन जाणार. शेपटाकडच्या दोन कामट्या तुटल्यात असं वहिनी म्हणाल्या, त्या तशाच राहू देत, दोरीने बांधू नकोस, मी विणून घेईन.