फॅन फिरतोय पण कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड दिसत नाही, कार्ड मेलंय का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की आय५ ३४७० प्रोसेसरचा जुना डेस्कटॉप, एच६१ मदरबोर्ड, त्यात सेकंडहँड जीटीएक्स १६६० सुपर हे एनव्हिडियाचं कार्ड बसवलं, फॅन फिरायलेत, पण मॉनिटर कार्डाला लावला तर काळा अन् बोर्डाच्या पोर्टला लावला तर डिस्प्ले येतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नुसतं इंटेल दिसतं, एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकायला गेलं की हार्डवेअरच सापडलं नाही म्हणतो, विंडोज पण परत मारून झाली, अन् विकणारा म्हणतो माझ्याकडं तर मस्त चालत होतं.

भाऊ, आधी ते ड्रायव्हर अन् विंडोजचं डोक्यातून काढा. बोर्डाला कार्डच दिसंना अन् आपण त्याचा ड्रायव्हर शोधायलो, म्हणजे बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. कार्ड बोर्डाला सापडलं असतं तर ड्रायव्हर नसताना पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर नाहीतर पिवळ्या खुणेचं काहीतरी आलंच असतं, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये हार्डवेअर आयडी बघितला की व्हेनच्या (VEN, म्हणजे कंपनीचा नंबर) पुढं १०डीई दिसतं, ते एनव्हिडियाचं, १००२ असलं तर एएमडी, ८०८६ म्हणजे इंटेल. तुमच्याकडं नुसतं ८०८६. अन् बायोसमध्ये (बोर्डातलं, विंडोजच्या आधी चालू होणारं सॉफ्टवेअर) डिस्प्लेचं सेटिंग ऑटोवर असलं तर कार्ड सापडल्यावर बहुतेक बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, तुमचं चालूच आहे, म्हणजे बोर्डाच्या हिशोबानं स्लॉट रिकामा आहे. फॅन फिरण्यावर जाऊ नका. फॅनला १२ व्होल्ट मिळाले की तो फिरतो, चिपचं बोर्डाशी जुळलं का नाही याच्याशी त्याला काही घेणं नाही.

आता पॉवर. एसएमपीएसला, म्हणजे पॉवर सप्लायच्या डब्याला, ८ पिन नव्हती म्हणून मोलेक्सचं (जुन्या हार्डडिस्कची ४ पिन वायर) कन्व्हर्टर लावलंय असं लिहिलंय, माझा पहिला संशय तिथंच. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, तुमचं कार्ड १२५ वॅटचं, बाकीचं सगळं त्या ८ पिनमधूनच यायला पाहिजे. स्वस्तातल्या कन्व्हर्टरमध्ये एखादी पिन आत सरकलेली असते, वरून दिसत पण नाही. प्लग काढा अन् तोंडातून आत बघा, सगळ्या पिना एका लेव्हलला आहेत का. आणखी एक, एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलंय म्हणून खुश होऊ नका, बाजूचं स्टिकर वाचा. १२ व्होल्टच्या खाली समजा १६ अँपिअर लिहिलेत, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट झाले. तुमचा प्रोसेसर ७७ अन् कार्ड १२५, इथंच २०२ झाले, हार्डडिस्क अन् फॅन अजून धरलेच नाहीत. अशा एसएमपीएसवर कार्ड दिसलं तरी गेम लावला की मशीन बसणार. अन् कुणी सांगितलं की प्रोसेसरची ८ पिन वायर पण तशीच असते, घाला तीच, तर चुकून पण घालू नका. तिच्यात प्लस मायनस उलट्या बाजूला असतात. ती मधोमध ४ अन् ४ अशी तुटते, ग्राफिक्सची ६ अन् २ अशी.

पॉवर बरोबर असली तर मग कार्ड बसलंय का ते. हे लई वेळा निघतं बगा, अन् त्यातही स्वस्त पातळ पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये. कार्ड दाबलं, टक् आवाज आला, लॉक लागलं, सगळं बरोबर. मग आपण मागच्या पट्टीचा स्क्रू आवळतो, अन् पत्रा वाकडा असल्यामुळं स्क्रू जसा घट्ट होतो तसं कार्ड तिरकं होतं अन् एका टोकाला स्लॉटातून केसभर वर येतं. वरून बघितलं तर बसल्यासारखंच. म्हणून लाईट बंद करून, वायर काढून, कॅबिनेट आडवं पाडा, स्क्रू न लावताच कार्ड बसवा अन् चालू करून बघा. दिसायला लागलं तर दोष पत्र्याचा, पक्कडीनं थोडा वाकवून घ्या.

काढलंच आहे तर सोनेरी पट्ट्या बघा. काळपट असल्या तर पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसा, चुरा झटका, स्लॉटमध्ये ब्रश मारा. आमच्या परभणीकडं जिनिंगच्या ऑफिसातून मशीन आलं की स्लॉटमधून अक्षरशः कापसाचा पुंजका निघतो. ओलं फडकं अजिबात नको. अन् कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराची अर्थिंग बघून घ्या, जुन्या वाड्यांत तीन पिनचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकामागं वायरच नसते.

एवढं करून पण दिसंना तर कार्ड मित्राच्या मशीनवर लावा, मोठा एसएमपीएस असलेल्या. हे बायोसच्या भानगडीत पडायच्या आधी करा, कारण निकाल इथंच लागतो. तिथं चाललं तर दोष तुमच्या एसएमपीएसचा नाहीतर बोर्डाचा. १६६० सुपर २०१९ चं कार्ड अन् तुमचा बोर्ड त्याच्या कितीतरी आधीचा, एच६१ च्या जुन्या बायोसला नवीन कार्ड ओळखता न येणं हे नवीन नाही. आधी बोर्डावरचा सेल, सीआर२०३२ लिहिलेला, पाच मिनिटं काढून ठेवा म्हणजे सेटिंग मूळपदावर येतं, मग बायोसमध्ये प्रायमरी डिस्प्ले पीईजी किंवा पीसीआय एक्सप्रेसवर, म्हणजे कार्डाच्या स्लॉटवर, करून बघा. त्यानंही नाही झालं तर बायोस अपडेट, पण यूपीएस असल्याशिवाय हात लावू नका, आपल्याकडं लाईट कधी जाईल नेम नाही, अन् मधेच गेली तर बोर्ड गेला म्हणून समजा. एसएमपीएस नवीन घ्यायची वेळ आली तर या कार्डाला एनव्हिडियाच ४५० वॅट सांगते, तो चांगल्या कंपनीचा अन् स्वतःची ६ अधिक २ पिन वायर असलेला घ्या, कन्व्हर्टर नको.

मित्राच्या मशीनवर पण दिसलं नाही तर मात्र पैसे परत मागा. हे कार्ड मायनिंगवाल्यांचं (कार्डावर क्रिप्टो कमावणाऱ्यांचं) लाडकं होतं, २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग बंद झालं अन् रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात आली, त्यातलं असू शकतं. विकणाऱ्याला म्हणा, तुझ्या मशीनवर लाव, जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघड अन् अर्धा तास गेम चालवून दाखव. तो जर म्हणायला लागला की हीट गननं भाजून देतो, होऊन जाईल, तर हो म्हणू नका, तसं चालू झालेलं कार्ड बहुतेक वेळा थोड्या दिवसांत परत बंद पडतं अन् तोवर पैसे परत मागायची सोय राहत नाही.