पाटी लावू की नर्सचा पगार देऊ?

पत्र:
माझं वय 66. मार्चमध्ये माझे यजमान फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले. पसरलेला होता. चौथ्या केमोनंतर आम्ही थांबायचं ठरवलं. शेवटचे दोनेक महिने पुण्यातल्या वारज्याच्या पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा) केंद्राने त्यांना सांभाळलं. काही दिवस तिथे, बाकीचे घरी. दुखणं जवळजवळ नव्हतं. जायच्या आदल्या आठवड्यात नातीबरोबर पत्ते खेळले. त्याच वर्षी बीड जिल्ह्यातल्या गावी माझ्या नणंदेचे यजमान प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले, तो हाडांत गेला होता. ओरडणं शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून ते रात्री दातांत टॉवेल धरायचे. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर म्हटल्यावर दुखणारच." यजमानांच्या फंडातले दहा लाख मला या कामाला द्यायचे आहेत. ऑस्ट्रेलियातला मुलगा म्हणतो, मोठ्या हॉस्पिटलात बाबांच्या नावाची खोली बांधू, पाटी लागेल. दीर म्हणतात, "केमो थांबवून दादाला मरायला सोडलंत, आता त्याचाच प्रचार करणार का?" मी चुकले का? आणि पैसे द्यायचे तरी कुठे? एवढ्याशा पैशाने काही होतं का?
– एक वाचक, पुणे

प्रिय ताई,

चुकलात का, त्याचं उत्तर आधी देते. नाही चुकलात.

दिरांचं बोलणं मनाला लागणं साहजिक आहे, कारण ते तुमच्याही मनातल्या भीतीवरच बोट ठेवतात: अजून एक केमो घेतली असती तर? 2010 साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यजमानांना होता तसाच, पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचे 151 रुग्ण त्यात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला निदानापासूनच पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटातल्या लोकांना खिन्नता कमी आली, शेवटच्या दिवसांत जडजड उपचार कमी झाले, आणि तरीही ते सरासरी पावणेतीन महिने जास्त जगले. सगळ्याच आजारांत आयुष्य वाढतं असं मी म्हणणार नाही. पण वेदना थांबवल्या की माणूस लवकर जातो, हा समज खोटा आहे. दिरांना हे एकदा शांतपणे सांगा. मग वाद घालत बसू नका. त्यांचा भाऊ गेलाय, मेहुणेही गेलेत, तेही वर्षभरात. त्यांचा राग कुणावर तरी निघणारच.

आता नणंदेच्या घरची गोष्ट. तुमच्या पत्रातलं ते टॉवेलचं वाक्य वाचून मी थांबले. हाडांत गेलेल्या कॅन्सरचं दुखणं भयंकर असतं, पण ते आटोक्यात येतं. तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी, दर चार तासांनी, घड्याळ लावून. दुखायची वाट न बघता. सोबत पोट साफ राहायचं औषध, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच. कित्येकदा रेडिएशनचा एकच डोस हाडाचं दुखणं बरंच उतरवतो. यात महागडं असं काहीच नाही. गोळी स्वस्त आहे. तिच्यासाठी लागणारी अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश-राजस्थानच्या शेतांत, सरकारी परवान्याने पिकते. तरीही ती बीडच्या खेड्यात पोचली नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचं असं जंजाळ केलं की औषधाच्या दुकानांनी आणि हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. डॉक्टरांच्या दोन पिढ्या ते न वापरता शिकल्या. 2014 मध्ये कायदा बदलला, हॉस्पिटलांना मॉर्फिन ठेवायची मान्यता मिळणं बरंच सोपं झालं. पण डॉक्टरांच्या मनातली भीती आणि "सवय लागेल" ही घरच्यांची धास्ती काही कायदा बदलून जात नाही. वेदनेसाठी नीट मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही. हे गावातल्या डॉक्टरला, नर्सला, घरच्यांना कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं.

आणि हे फक्त बीडचं दुखणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी जगात सुमारे 5 कोटी 68 लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअरची गरज असते. मिळते ती 14 टक्क्यांना, म्हणजे साधारण सातात एकाला. तुमचे यजमान त्या एकात आले. नणंदेचे राहिलेल्या सहांत.

"एवढ्याशा पैशाने काय होतं" असं तुम्ही विचारलंय. युगांडाचं सांगते, कारण मला त्या कामाबद्दल फार आदर आहे. 1993 मध्ये डॉ. अॅन मेरिमन यांनी कंपालात हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था) सुरू केलं, तेव्हा हातात काम करणाऱ्या तीन माणसांना तीन महिने पुरतील एवढेच पैसे होते. इमारतीमागे त्या लागल्या नाहीत. मॉर्फिनची पावडर आणली, पाण्यात ठरल्या मात्रेत कालवली, बाटल्यांत भरली. ताकदीप्रमाणे पाण्याला वेगळा रंग, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या आजीलाही बाटली ओळखता येईल. डॉक्टर मोजके, म्हणून 2004 पासून तिथे खास शिकलेल्या नर्सना मॉर्फिन लिहून देण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला. हे एका गरीब देशाने करून दाखवलं. पुढे आफ्रिकेतल्या इतर देशांची माणसं हे शिकायला तिथे जाऊ लागली.

आपल्याकडे केरळने हेच केलं, वेगळ्या वाटेने. 1993 सालीच कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या मित्रांनी एक छोटं बाह्यरुग्ण केंद्र काढलं. मग लक्षात आलं, की ज्याला उठून बसवत नाही तो दवाखान्यात येणार कसा? म्हणून काम घरोघरी गेलं. मलप्पुरममध्ये शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, विद्यार्थी असे शेजारचेच लोक शिकून तयार झाले. आठवड्याचे दोन तास देणारा माणूसही चालायचा. कुशी कशी बदलायची, जखम कशी धुवायची, आणि घरात तांदूळ संपलाय का हेही बघायचं. पैसा लोकांच्या छोट्या-छोट्या देणग्यांतून आला. 2008 मध्ये केरळ सरकारने राज्याचं पॅलिएटिव्ह धोरण केलं, पुढे पंचायतींनी घरी जाणाऱ्या नर्स नेमल्या. आधी माणसं, मग सरकार. हा क्रम लक्षात ठेवा.

म्हणून पैशांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: खोली बांधू नका. खोल्या बांधायला देणगीदार मिळतात, पाटी दिसते ना. नर्सच्या पगाराला, गाडीच्या डिझेलला, हवेच्या गादीला आणि डॉक्टरच्या प्रशिक्षणाला देणगीदार मिळता मिळत नाहीत, आणि काम अडतं ते नेमकं तिथेच. वारज्याच्या केंद्रात प्रशिक्षणही होतं; तिरुवनंतपुरमला डॉ. राजगोपाल यांनी 2003 मध्ये सुरू केलेली पॅलियम इंडिया देशभरच्या डॉक्टर-नर्सना शिकवते. तुमच्या नणंदेच्या तालुक्यातला एक डॉक्टर आणि दोन नर्स शिकून आल्या, तर पुढची कित्येक वर्षं त्या भागातल्या घरांत फरक पडेल.

पण दहा लाख एका झटक्यात देऊ नका. आधी स्वतःच्या म्हातारपणाचं, आजारपणाचं बाजूला काढा. हे मी 66 वर्षांच्या प्रत्येक बाईला सांगते आणि बहुतेक जणी ऐकत नाहीत. उरेल ते तीन-चार वर्षांत विभागून द्या. संस्थेला सरळ विचारा: महिन्याला किती घरी जाता? मॉर्फिन ठेवायची मान्यता आहे का? रात्री दोनला फोन आला तर कोण उचलतं? पैसे थांबले तर नर्सचं काय? चांगली संस्था या प्रश्नांनी रागावत नाही.

मुलाचं मात्र जपून घ्या. तो शेवटच्या दिवसांत इथे होता का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसावा, असं मला वाटतंय. जो लांब होता त्याला हात लावता येईल असं काहीतरी हवं असतं. भिंत, पाटी, बाबांचं नाव. त्याला "वेडा विचार आहे" म्हणू नका. ते दोन महिने कसे गेले ते त्याला सांगा, अगदी बारीकसारीक: नर्स आल्यावर शून्य ते दहात दुखणं किती ते विचारत असेल, ओठ सुकले की ओल्या कापसाने टिपायला तिने तुम्हाला शिकवलं असेल, पत्त्यांत कोण जिंकलं. आणि नाव हवंच असेल तर नर्सच्या प्रशिक्षणाच्या शिष्यवृत्तीला बाबांचं नाव द्या. तेही नावच आहे, आणि ते गावोगाव फिरेल.

एक काम बिनपैशाचं आहे, ते नणंदेला बरोबर घेऊन करा. पण ती तयार होईल तेव्हाच, तिला ओढू नका. 2012 पासून पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम कागदावर आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांना साधं पत्र लिहा: आपल्या रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा कक्ष आहे का, प्रशिक्षित डॉक्टर कोण, तोंडाने घ्यायचं मॉर्फिन आज साठ्यात आहे का. खाली तिची सही, तुमची सही, गावच्या आशाताईंची आणि सरपंचांची मिळाली तर उत्तमच. पोच घ्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात तेच तीन प्रश्न पुन्हा टाका. जे उत्तर येईल ते मला नक्की कळवा, या स्तंभात छापू.

तुमची,
ताई