टेकडाउन लाँगबोचा (दोन तुकड्यांत सुटणाऱ्या लांब धनुष्याचा) मुठीतला जॉइंट ढिला झालाय, घरचे म्हणतात पाण्यात भिजव. काय करू?

दादा, भिजवू तर अजिबात नका.

तुम्ही लिहिलंय ते असं: लातूरला राहता, ओढायला ४० पाउंड जोर लागणारा दोन तुकड्यांचा लाँगबो आहे, मुठीपाशी फायबरची स्लीव्ह, म्हणजे नळी, आणि तिच्यात बसणारा दुसऱ्या तुकड्याचा दांडा. उन्हाळा लागल्यापासून जॉइंट हलतो, बाण सुटला की ‘टक्’ वाजतं. आजोबा म्हणतात, कुऱ्हाडीसारखा रात्रभर पाण्यात ठेव, नाहीतर पाचर मार.

आजोबांचं कुऱ्हाडीपुरतं बरोबर आहे. तिथंही चार दिवसांनी दांडा वाळला की पुन्हा खुळखुळा होतोच, पण कुऱ्हाडीचं काही बिघडत नाही. बो मात्र लाकूड आणि फायबरच्या पट्ट्या चिकटवून केलेला असतो. पाणी आत शिरलं की थर सुटायची भीती.

पाचरीचा धडा मी स्वतः घेतलाय. परभणीतला मे महिना, पारा ४३ च्या वर, आणि माझाही जॉइंट असाच हलायला लागला. कोल्ड्रिंकच्या डब्याची पट्टी कापली, एका बाजूनं सरकवली, घट्ट बसलं म्हणून खूश झालो. आठवडाभरात स्लीव्हच्या तोंडाला केसाएवढी चीर. कारण सोपं आहे. दोरी चढवली की दांडा स्लीव्हच्या तोंडाशी एका बाजूला आणि आत टोकाशी बरोबर उलट बाजूला दाबतो. ओढताना तुमच्या बोटांना १८ किलो लागतात, पण जॉइंटवर लांब पान्याचा जोर येतो. पट्टीनं तो सगळा जोर एका रेघेवर आणून ठेवला. म्हणून भरायचं तर चहूबाजूंनी भरायचं.

पण आधी नेमकं काय ढिलं आहे ते बघा. दोरी उतरवा, बो जोडा, पेन्सिलनं सांधा ओलांडून दोन्ही बाजूंना जाईल अशी रेघ मारा आणि दोन्ही तुकडे हलके पिळा. रेघ तुटली तर दांडा स्लीव्हमध्ये सैल आहे. हे घरी जमतं. रेघ जुळलेली राहते पण स्लीव्हच लाकडापासून हलते, किंवा नाण्यानं टिचकी मारल्यावर एका जागी पोकळ आवाज येतो, तर आतला गोंद सुटलाय. ते काम बो बनवणाऱ्याकडेच द्या. कापसाचा बोळा स्लीव्हच्या कडेनं फिरवा. कुठं तंतू अडकले तर चीर आहे, मग एकही बाण मारू नका.

आता सैल दांडा. वहीच्या पानाची पट्टी फटीत जात नसेल तर दांड्यावर फेविक्विकचा पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, ४०० नंबरच्या पॉलिशपेपरनं घासा, घालून बघा. दोन-तीन हातांत काम होतं. ओला असताना घालू मात्र नका, कायमचा एकाच तुकड्याचा बो होईल.

पट्टी जात असेल तर अराल्डाइट (दोन भाग मिसळून लावायचा गोंद), तोही सावकाश वाळणारा. पाच मिनिटांवाला नको, तो उन्हात मऊ पडतो. स्लीव्हच्या आत आणि तोंडाशी मेणाचे दोन हात घासून चकचकीत करा, एक कणही कोरा सोडू नका, नाहीतर तिथं गोंद चिकटून बसेल. दांडा आधी स्पिरिटनं पुसून २२० च्या पेपरनं खरखरीत करून घ्या. त्यावर अराल्डाइट पातळ पसरा, शेवटचा अर्धा इंच कोरा ठेवा, कारण स्लीव्ह बंद असली तर हवा आणि जादा माल तळाशी अडकतो आणि दांडा पूर्ण बसतच नाही. मग दांडा स्लीव्हमध्ये घाला आणि बोच्या दोन्ही टोकांमध्ये साधा दोरा ताणून तो मुठीच्या मधून जातोय का ते बघा. बोची दोरी चढवून सरळ करू नका. नखानं ठसा उमटेल इतपत घट्ट झालं की एकदा बाहेर काढा, परत घाला, मग २४ तास हात लावू नका.

निघत नसेल तर पिळू नका. बो गुडघ्यांमागं आडवा धरा, हात गुडघ्यांच्या बाहेरून, आणि गुडघे फाकवा. सरळ ओढ बसते, निघतो.

नंतर दोरी चढवून दहा मिनिटं नुसता ठेवा. मग अर्ध्यापर्यंत वीसेक वेळा ओढा आणि सावकाश परत आणा. बाण न लावता दोरी सोडायची नाही. मागून बघा, दोरी मुठीच्या मधोमध आहे ना? मग पाच मीटरवरून बाण. ‘टक्’ अजून येत असेल तर दोरीच्या खोबणी आणि मुठीचं चामडं तपासा, माझ्या बोला एकदा चामड्याची सुटलेली कडाच वाजत होती आणि मी दोन दिवस जॉइंट घासत बसलो होतो.

आणि हा बो गाडीच्या डिकीत राहतो का हो? उन्हाळ्यात तिथून तेवढा काढा. रेघेचं काय निघालं ते खाली लिहा, स्लीव्हच्या तोंडाचा जवळून फोटोही टाका.